रुपयाभार ते पाऊण ग्रॅम : मुंबईच्या टांकसाळीची वाटचाल

परातीत पाणी घ्यायचं, ते हलायचं थांबलं की ॲल्युमिनियमचा चौकोनी एक पैसा दोन बोटांत आडवा धरून अलगद सोडायचा. जमलं तर पैसा तरंगतो. त्याच्या चारी कडांशी पाणी किंचित खाली दबतं, गादीवर मांजर बसल्यासारखं. जरा फुंकर लागली की गेला तळाशी. मलकापुरात पावसाळ्यात आमचा हा खेळ तासन् तास चालायचा, कारण शाहूवाडी तालुक्यात आषाढात पोरांनी करावं असं घराबाहेर फारसं काही नसतं. आजीनं एकदा ते पाहिलं आणि म्हणाली, "पाण्यावर तरंगतो तो पैसा कसला रे?" तिच्या ट्रंकेत लुगड्याच्या घडीखाली राणीछाप रुपये होते. त्यातला एक परातीत टाकला असता तर शेजारच्या घरात आवाज गेला असता.

आजीचा हा प्रश्न मुंबईच्या टांकसाळीत साडेतीनशे वर्षं वेगवेगळ्या भाषेत विचारला गेला आहे. नवं नाणं काढायचं ठरलं की सरकार लगेच लाखो नाणी पाडत नाही. आधी साचा कोरतात, चार-दोन धातूंच्या कोऱ्या चकत्यांवर त्याचा ठसा मारून बघतात. ठसा नीट उठतो का, साचा किती नाणी पाडून फुटतो, घामानं रंग जातो का, काउंटरवर टाकलं तर वाजतं कसं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खोटं पाडणाऱ्याला ते किती सोपं जाईल. या परीक्षेला बसलेली नाणी म्हणजे नमुना नाणी. पास झालेल्यांचं पुढे चलन होतं, नापास झालेली बहुतेक वितळवली जातात. एखाद-दुसरं वाचतं, कुठल्या साहेबाच्या खणात किंवा संग्रहालयाच्या कपाटात, आणि मग लिलावात त्याच्यासाठी माणसं हट्टाला पेटतात. त्यात आणखी एक गोम अशी की मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही टांकसाळींनी जुने साचे जपून ठेवले होते आणि संग्राहकांच्या मागणीवरून त्यावर पुन्हा नाणी पाडून दिली. त्यामुळे साल जुनं आणि चकती नवी, असा घोळ होतो. मला स्वतःला या नाण्यांच्या किमतीत रस नाही. एखादा धातू नापास का झाला, हे मात्र मी कितीही वेळ ऐकत बसेन.

आमच्या मुलखाला ही परीक्षा नवी नाही. कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत १८७७ साली जुन्या नाण्यांचा साठा सापडला. एका बाजूला धनुष्यबाण, दुसऱ्या बाजूला कमानीवर कमान रचून केलेला डोंगर, आणि विळिवायकुर, सिवलकुर अशी जिभेला अडखळायला लावणारी राजांची नावं. यातली बरीच नाणी शिशाची. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे त्याला भट्टीचीही गरज नाही, चूल पुरते. मऊ, मळकट, नखानं ओरखडा उठेल असा धातू. तरी तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या बाजारात चालला. पुढे पन्हाळ्यावर कोल्हापूरच्या छत्रपतींची टांकसाळ होती आणि तिथल्या रुपयाला शंभू पीरखानी म्हणत. त्या काळी एका गावचा रुपया दुसऱ्या गावी गेला की सराफ तो दगडावर वाजवायचा, वजन करायचा, कस बघायचा आणि बट्टा कापायचा. अंकुशी, चांदवडी, पन्हाळी, प्रत्येकाचा भाव निराळा. नाण्यांचा कस बघणारा तो पोतदार. आज आपल्याकडे पोतदार आडनावाची घरं आहेत, पण दुकानात दहाचं नाणं उलटसुलट करून बघणारी म्हातारी हीच खरी पोतदारीण, असं माझं मत आहे.

मुंबईत नाणी पाडायला सुरुवात झाली १६७२ साली, गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरच्या कारकिर्दीत. सोन्याचं कॅरोलिना, चांदीचं अँग्लिना, तांब्याचं कॉपरून आणि कथलाचं टिनी. पहिल्या तीन धातूंना परंपरा होती, कथलाचं नाणं हा मात्र सरळ सरळ प्रयोग. कथील २३२ अंशांना पातळ होतं. आपली भांडी कल्हई करणारा माणूस एका घासणीत ते पसरवतो, इतकं ते गरीब. मातीच्या साच्यात ओतून असं नाणं घरी करायला कुणालाही अडचण नव्हती. पण चांदीच्या नाण्याचंही काही खरं नव्हतं. व्यापाऱ्याला इंग्लंडच्या राजाचं नाव असलेलं नाणं नको होतं, त्याला सुरतेचा मुघली रुपया हवा होता. १६९३-९४च्या सुमारास मुंबईकर इंग्रजांनी फारसी अक्षरांत विल्यम आणि मेरी यांची नावं घातलेले रुपये पाडले, तेव्हा औरंगजेबाच्या दरबारात त्यावरून चांगलीच खप्पामर्जी झाली. अखेर १७१७ साली फर्रुखसियरकडून परवानगी मिळाली आणि मुंबईचा रुपया मुघल बादशहाच्या नावानं निघू लागला. बाजारात चालायचं तर दुसऱ्याचं नाव लावायचं. कंपनी सरकारला हे शहाणपण यायला पंचेचाळीस वर्षं लागली.

कथील मात्र त्यांनी सोडलं नाही. अठराव्या शतकात तांब्याची टंचाई पडली की मुकुटाची छाप असलेला कथलाचा पैसा पुन्हा निघायचा. त्याचा निकाल लागला तो यंत्रानं. १७९१ साली मुंबई इलाख्यासाठी तांब्याचे पैसे थेट बर्मिंगहॅमजवळच्या सोहो इथल्या मॅथ्यू बोल्टनच्या वाफेवरच्या टांकसाळीतून पाडून आणले. सगळे एका आकाराचे, एका जाडीचे, अगदी गोल. हातोड्यानं पाडलेल्या वाकड्यातिकड्या शिवराईची सवय असलेल्या माणसाला ते कसे वाटले असतील! या पैशांवर एका बाजूला कंपनीची छाप आणि दुसऱ्या बाजूला तराजू, खाली फारसीत 'अदल'. पोरं नाणं उडवताना 'छापा की काटा' म्हणतात, त्यातला काटा हा याच तराजूचा, असं मला मनापासून वाटतं. कुणी विद्वानानं ते खोडून काढलं तरी मी पोरांना हेच सांगणार.

आज फोर्टात उभी असलेली टांकसाळ १८२४ ते १८२९ या काळात बांधली गेली. बॉम्बे इंजिनिअर्सच्या मेजर जॉन हॉकिन्सनं तिचा आराखडा केला आणि वाफेची यंत्रं बोल्टन-वॉटच्या कारखान्यातून आली. दिवसाला दीड लाख नाणी पाडण्याची तिची ताकद होती. गावोगावच्या टांकसाळींचं भवितव्य या यंत्रांनीच ठरवलं. १८३५ साली कंपनीच्या सगळ्या मुलखात एकच रुपया झाला, वजन १८० ग्रेन म्हणजे ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. या वजनाला तोळा म्हटलं गेलं आणि रुपया नुसतं नाणं न राहता घरातलं वजन झाला. वैद्यांच्या पुड्या, केशर, सुंठ, सगळं रुपयाभार. आजीच्या ट्रंकेतले रुपये खर्चायचे नव्हतेच मुळी, ते शेजारणींना मापायला द्यायचे. नाणं काय धातूचं आहे हे विचारायची गरज नव्हती, कारण नाणं म्हणजेच धातू होता. 'बंदा रुपया' म्हटलं की मला तो विश्वास आठवतो.

टांकसाळ १८७६ साली मुंबई सरकारकडून हिंदुस्थान सरकारकडे गेली. तोवर जगात चांदीचा भाव घसरायला लागला होता. १८९३च्या जूनमध्ये कुणीही चांदी आणून तिचे रुपये पाडून न्यावेत ही सोय बंद झाली. त्या दिवसापासून रुपया हा आतून थोडा कागदी झाला. वरून चांदीच, पण चांदीपेक्षा सरकारच्या शब्दाची किंमत जास्त.

आणि इथून धातूंच्या परीक्षेला खरी गंमत येते. १९०६च्या नाणे कायद्यानं तांब्याच्या जागी कांसं आलं, आणि १९०७ साली मुंबईच्या टांकसाळीतून निकेलचा आणा बाहेर पडला. तीन भाग तांबं, एक भाग निकेल. हा धातू पांढरा दिसतो, म्हणजे अंधारात, घाईत, किंवा ज्याला अक्षर वाचता येत नाही अशा माणसाला तो चांदीची चवली म्हणून खपवता येईल, हा धोका होता. त्यावर तोड म्हणून नाण्याची कड नागमोडी केली, बारा पाकळ्यांची. खिशात हात घातला की अंगठ्याला कळतं. शाहूवाडीसारख्या भागात, रॉकेलच्या दिव्यावर बाजार करणाऱ्या बाईसाठी कुणीतरी फोर्टातल्या त्या इमारतीत बसून कडेचा विचार केला होता, ही गोष्ट मला राजाच्या मुखवट्यापेक्षा मोठी वाटते. निकेलचा दुसरा फायदा म्हणजे हा मिश्र धातू सुमारे बाराशे अंशांच्या खाली वितळत नाही. चुलीवर आणा करणाऱ्यांचा धंदा बसला.

परीक्षा फक्त धातूची नसते हे चारच वर्षांनी कळलं. १९११ साली पंचम जॉर्जचा नवा रुपया निघाला. राजाच्या अंगावरच्या झग्यावर हत्तीचं चित्र होतं. पण ते इतकं बारीक की सोंड आखूड झाली आणि हत्ती डुकरासारखा दिसू लागला. मुसलमान प्रजेला हे कसं चालावं? नव्वद लाखांवर रुपये पाडले होते, त्यातले सातेक लाखच बाहेर गेले होते. उरलेले मुकाट वितळवले आणि १९१२पासून हत्तीला स्पष्ट सोंड आली. एक इंचभर सोंडेसाठी एवढी चांदी पुन्हा मुशीत, आणि सोंड तरी कुठली इंचभर, मुंगीएवढी! राज्य चालवणाऱ्यांनी साचा भिंगाखाली पाहिला होता, प्रजेनं तो नुसत्या डोळ्यांनी पाहिला.

मग पहिलं महायुद्ध. चांदी मिळेना. १९१७च्या नोव्हेंबरअखेर एक रुपयाची नोट आली, म्हणजे रुपयाचा धातूच संपला. अमेरिकेनं १९१८ साली कायदा करून आपल्या साठ्यातली वीस कोटी औंस चांदी हिंदुस्थानासाठी मोकळी केली. इकडे टांकसाळीनं चवली, पावली आणि अधेली ही तिन्ही नाणी निकेलमिश्रित तांब्यात उतरवली. चवली चौकोनी होती, चालली. अधेली मात्र नापास झाली, आणि तीही चलनात गेल्यावर. कारण साधं आहे. आण्याचं खोटं नाणं पाडण्यात कुणाला काय मिळणार? पण आठ आण्यांसाठी यंत्र, साचा, धातू असा खटाटोप परवडतो. बाजारात खोट्या अधेल्या इतक्या झाल्या की १९२४ साली ती रद्दच करावी लागली. नमुना म्हणून ठीक, दर्शनी मूल्य चुकलं.

त्याच धामधुमीत मुंबईत सोन्याचंही काम चाललं होतं. लंडनच्या रॉयल मिंटची शाखा ऑगस्ट १९१८मध्ये मुंबईच्या टांकसाळीतच उघडली. लंडनहून साचे यायला वेळ लागेल म्हणून तोवर पंधरा रुपयांची सोन्याची मोहर पाडली, वजन आणि कस इंग्रजी सॉव्हरिनइतकाच. नंतर सॉव्हरिन निघाली, बारा लाख पंचाण्णव हजार तीनशे बहात्तर. त्यावर घोड्याच्या पायाखालच्या जमिनीत रोमन 'आय' हे बारीक अक्षर आहे. १९१९च्या एप्रिलमध्ये शाखा बंद. जेमतेम आठ महिन्यांचा संसार.

दुसऱ्या महायुद्धानं धातूंचा आणखी घाम काढला. १९४०पासून रुपयात चांदी निम्मीच राहिली, उरलेलं तांबं, निकेल आणि जस्त. कडेला खाच पाडली, खोट्यांना अडवायला. निकेल तोफांना लागलं म्हणून १९४२पासून आणा पिवळा झाला, त्यात जस्त शिरलं. आणि १९४३ साली आला भोकाचा पैसा. कांसं वाचवायला सरकारनं पैशाचं पोटच कापून टाकलं, वजन जेमतेम दोन ग्रॅम. लोकांनी त्याचे उपयोग शोधले. लहान पोरांच्या करगोट्यात तो ओवला गेला, आणि यंत्रावर काम करणाऱ्यांनी वॉशर म्हणून वापरला, कारण दुकानातला वॉशर पैशापेक्षा महाग होता. टांकसाळीनं याची परीक्षा घेतली नसणार.

याच वर्षांत फोर्टातली यंत्रं दुसऱ्यांसाठीही धडधडत होती. ऑस्ट्रेलियाची १९४२ आणि १९४३ची पेनी आणि हाफ-पेनी मुंबईत पडली. अरबस्तान आणि ॲबिसिनियाच्या बाजारात चालणारा मारिया तेरेसाचा चांदीचा थेलरही इथेच निघाला, साल मात्र सगळ्यांवर १७८०. त्या बाजारांना दुसरं साल चालत नाही, मुखवट्यावरच्या पिनेतले मोतीसुद्धा मोजून घेतात म्हणे. पोतदारकीची परंपरा तिकडेही आहे. टंचाईत काही देशांनी तर धातूच सोडून पाहिला. जर्मनांनी पहिल्या महायुद्धानंतर मायसेनच्या चिनी मातीची नाणी करून पाहिली होती, अमेरिकेनं १९४२ साली सेंटसाठी काचेचे नमुने केले, जपाननं १९४५ला मातीचीच नाणी भाजून ठेवली आणि युद्ध संपलं. त्यामानानं आमचा भोकाचा पैसा बराच सरळमार्गी.

स्वातंत्र्याच्या वर्षी रुपया शुद्ध निकेलचा झाला, मागे वाघ. त्याचं खरं कारण म्हणजे उधारी. युद्धात अमेरिकेकडून बावीस कोटी साठ लाख औंस चांदी उसनी घेतली होती, ती परत करायला निम्म्या चांदीचे रुपये गोळा करून वितळवणं भाग होतं. निकेल १४५५ अंशांना वितळतं, साचे खातं, पण चुंबकाला चिकटतं, त्यामुळे खरं-खोटं ओळखायला चुंबक पुरतो. प्रजासत्ताकाच्या पहिल्या मालिकेआधी १९४९ साल कोरलेले नमुने झाले आणि १५ ऑगस्ट १९५० रोजी अशोकस्तंभाचे सिंह नाण्यावर आले. १ एप्रिल १९५७ला आणे गेले, शंभर नवे पैसे आले. या बदलाविषयी खूप लिहिलं गेलंय, ते इथे नको.

१९६४-६५ साली मात्र आजीच्या प्रश्नाची वेळ आली. तांबं आणि निकेल, दोन्ही परदेशांतून आणायचं. कांशाचा पैसा वितळवला तर पैशापेक्षा जास्त मिळेल अशी अवस्था. तेव्हा लहान नाणी ॲल्युमिनियम-मॅग्नेशियममध्ये काढायचं ठरलं : एक, दोन, तीन, पाच, दहा. कांशाचा नवा पैसा दीड ग्रॅमचा होता, हा पाऊण ग्रॅमचा. धातू मऊ, साच्याला त्रास नाही, ठसा स्वच्छ उठतो, देशातच मिळतो. टांकसाळीच्या कसोटीवर पैकीच्या पैकी गुण.

अमेरिकेनं हाच विचार दहा वर्षांनी केला आणि १९७४चं साल घालून पंधरा लाखांवर ॲल्युमिनियमचे सेंट पाडलेही. नाणी टाकून चालणाऱ्या यंत्रांचे मालक उठले. डॉक्टर म्हणाले, पोरानं गिळला तर क्ष-किरणात दिसणार नाही. सगळा माल वितळवला. पाहायला दिलेले काही सेंट तेवढे परत आले नाहीत, त्यातला एक स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तिथे जो नमुना दुर्मिळ म्हणून काचेत आहे, तसा पैसा आमच्याकडे पोरं परातीत तरंगवत होती.

आमच्या तालुक्याला या धातूशी एक वेगळं नातं आहे. शाहूवाडीच्या डोंगरांवरचे सडे पावसाळ्यात फुलांनी भरतात आणि एरवी उघडे, तांबूस, जांभ्याचे. त्या जांभ्याच्याच पोटात बॉक्साइट आहे, म्हणजे ॲल्युमिनियमची माती. कोल्हापूर जिल्ह्यातला बॉक्साइट ट्रकांतून बेळगावच्या कारखान्याकडे जायचा. आमच्या परातीतला पैसा त्याचाच, असं मी म्हणत नाही. पण गुरं राखताना आम्ही ज्या मातीवर बसायचो ती आणि खिशातला पैसा एका जातीचे आहेत, हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर भूगोलात चार गुण जास्त मिळाले असते.

बाजारानं मात्र ॲल्युमिनियम मनापासून कधी स्वीकारलं नाही. वाजत नाही, हातात जाणवत नाही, खिसा भरलेला वाटतो आणि हिशेब रिकामा. भाव वाढले तशी ही नाणी आपोआप देवळाच्या पेटीत आणि तिथून गोणीत गेली. १९८८पासून दहा, पंचवीस, पन्नास पैसे पोलादाचे झाले, १९९२ला रुपयाही. ३० जून २०११नंतर चवन्नीसकट तिच्याखालची सगळी मंडळी निवृत्त झाली. टांकसाळ स्वतः २००६ साली महामंडळाच्या छत्राखाली गेली. आजही तिच्या नाण्यावर सालाखाली छोटा हिरा असतो. २०२०मध्ये वीस रुपयांचं बारा कडांचं नाणं आलं. बारा पाकळ्यांच्या आण्याची नात म्हणा.

परवा ट्रंक आवरताना आजीचा डबा निघाला. राणीछाप रुपये कधीच वाटून झाले होते, राहिला होता तो खुर्दा. नातवानं खेळण्यातला चुंबक आणून डब्यात फिरवला. १९४७चा वाघाचा रुपया टपकन चिकटला, पोलादाच्या अधेल्या चिकटल्या, रुपये चिकटले. चुंबक वर उचलला तेव्हा डब्याच्या तळाशी दोन भोकाचे पैसे, एक नागमोडी आणा आणि चौकोनी पैशांचा पांढुरका थर तसाच होता. पोरानं त्यातला एक उचलला, तळहातावर झेलला आणि विचारलं, "हा खेळण्यातला आहे का?" मी परात आणायला उठलो.